मळ्यातल्या विहिरीचं पाणी पिण्यात, भोवती केळी-कपाशीची फवारणी : तपासायचं कसं?

सुकीकाठ
नमस्कार. माझं माहेर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. घर मळ्यातच. गावात नळयोजना झाली, पण पाइप मळ्यापर्यंत आलेला नाही. त्यामुळे प्यायला, स्वयंपाकाला, गुरांना सगळं पाणी एकाच विहिरीचं. विहीर जुनी, बांधीव. तिन्ही अंगांनी केळी, चौथ्या अंगाला चुलत्यांची कपाशी.

यंदा मृगबागेच्या (पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीच्या) रोपांना आळवणी झाली, म्हणजे बुडाशी औषधाचं पाणी ओतलं, आणि त्यानंतर काही दिवस माठातल्या पाण्याला चक्क औषधाचा वास येत होता. आई म्हणते, वास गेला की पाणी चांगलं. आप्पा म्हणतात, विहीर उपसली, आता कशाला चर्चा. भावाने आरओवाल्याला बोलावलं. त्याने टेबलावर दोन पेले ठेवले, त्यात तारा सोडल्या, आमच्या पाण्याचा पेला तपकिरी-हिरवा करून दाखवला आणि म्हणाला, "बघा, हे तुम्ही पिता." भाऊ आगाऊ रक्कम द्यायला निघाला होता, मी थांबवलं.

घरात भावाची पाच महिन्यांची मुलगी आहे, तिला वरचं दूध सुरू आहे. म्हणून विचारते : कीटकनाशकं पाण्यात आहेत की नाहीत हे नेमकं कुठे आणि कसं कळतं? वास गेला म्हणजे औषध गेलं का? आणि आरओने खरंच फरक पडतो का?

"शेती सेंद्रिय करा" हा सल्ला कृपया नको. केळी आहे म्हणून घर चाललंय.

केळीवाला_रावेर
ताई, आधी हे सांगा, फवारणीचा पंप कुठे भरता? औषध कालवायचा ड्रम कुठे असतो? आमच्याकडे दहापैकी आठ मळ्यांत तो विहिरीच्या काठाशीच असतो, कारण पाणी तिथे. बाकीचं नंतर बोलू.

शेवभाजी
आरओवाला तारा घालून पाणी हिरवं करतो, आमचा मेव्हणा काहीही न घालता पाहुण्यांचा चेहरा हिरवा करतो. दोघांनाही आगाऊ रक्कम देऊ नये.

निवृत्त_मास्तर
आमच्या आजोबांनी ८८ वर्षं विहिरीचं पाणी प्यायलं. हल्ली प्रत्येक गोष्टीची भीती घालायची पद्धत पडली आहे. औषध झाडाच्या मुळाशी टाकलं, माती ते धरून ठेवते. विहिरीपर्यंत पोचतं कसं?

सातपुडा_पायथा
मास्तर, आजोबांच्या काळात केळीला शेणखत आणि राख. तेव्हा आळवणी कोण करत होतं?

आणि माती धरून ठेवते हे प्रत्येक औषधाला लागू नाही. क्लोरपायरीफॉस मातीला चिकटतं, फार खाली जात नाही. पण कार्बोफ्युरान (केळीच्या कंदाशी टाकतात ते दाणेदार) किंवा इमिडाक्लोप्रिड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. त्यात ताईंचं गाव पायथ्याला. तिथे जमिनीखाली गोटे, रेती, जाड वाळू. भूजलवाले ज्याला बझाडा पट्टा म्हणतात तो हाच. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात पाणी झिरपायला वेळ लागतो, बझाड्यात सरळ खाली जातं. पुनर्भरणासाठी उत्तम जागा, आणि वर जे टाकाल ते खाली न्यायलाही तितकीच उत्तम.

प्रयोगशाळेतली
मी एका पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते (खान्देशातली नाही), म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१. तारांचा खेळ : त्या लोखंडाच्या तारा असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि पाणी रंगतं. शेजारचा "शुद्ध" पेला आरओचा, त्यात क्षार नाहीत म्हणून रंग नाही. वाघूर धरणाचं पाणी घेतलं तरी असाच रंग येईल. कीटकनाशकाशी याचा काडीचा संबंध नाही.

२. टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर : तोही उपयोगाचा नाही. टीडीएस मिलिग्रॅममध्ये, शेकड्यांत मोजतात. कीटकनाशक मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. शिवाय मीटर फक्त क्षार ओळखतो.

३. ग्रामपंचायतीचा किट : जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवलं आहे. त्या किटमध्ये सामू (पीएच), कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, लोह, नायट्रेट, उरलेलं क्लोरीन वगैरे कळतं. जिवाणूंसाठी काळी पडणारी बाटली असते. कीटकनाशक त्यात नाही. तरी नायट्रेटसाठी ती तपासणी जरूर करून घ्या, फुकट होते.

४. खरी तपासणी : गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि पुढे मास स्पेक्ट्रोमीटर. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली आणि त्या मान्यतेत पाण्यातली कीटकनाशकं स्पष्ट लिहिलेली असलेली प्रयोगशाळा बघा. नुसती मान्यता पुरत नाही, ती कशासाठी आहे ते वाचायचं. नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नाही, गडद काचेच्या बाटलीत. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवा. माठातलं पाणी नको. मोटर थोडा वेळ चालू ठेवून थेट विहिरीचं घ्या, बर्फात ठेवून लगेच पोचवा.

५. सगळ्यात महत्त्वाचं : मळ्यात यंदा काय काय मारलं त्याची यादी द्या. मूळ घटकाची नावं लिहा, दुकानी नावं नकोत. चुलत्यांच्या कपाशीचीही. आम्ही जे शोधतो तेच आम्हाला सापडतं.

आणि वासाचं : बहुतेक वेळा वास औषधाचा नसून ते ज्या तेलकट द्रावणात मिसळलेलं असतं त्याचा असतो. तो उडून जातो. औषध राहिलं की गेलं हे नाकाला कळत नाही.

सुकीकाठ
खूप आभार. केळीवाला भाऊ, तुमचा अंदाज बरोबर. निळा ड्रम विहिरीच्या थाळ्यापासून (भोवतीच्या ओट्यापासून) चार पावलांवर आहे. सालदार तिथेच कालवतो, पंपही तिथेच धुतो. धुतलेलं पाणी वाहून जिथे जातं तिथे थाळ्याला चीर आहे आणि चिरीत पिंपळ उगवलाय.

केळीवाला_रावेर
मग प्रयोगशाळेत नंतर जा, आधी ड्रम हलवा.

तापीपार
ड्रमच्या जोडीला अजून एक गोष्ट बघा, कुणी बोलत नाही त्यावर. ठिबकमधून खत-औषध सोडायची व्हेंचुरी विहिरीजवळच बसवलेली असते ना? मोटर चालू असताना ती टाकीतलं औषध ओढून पाइपात ढकलते. लाइट गेली की मोटर बंद. आता पाइपातलं पाणी उलटं विहिरीकडे परतायला बघतं. मोटरीवरचा चेक व्हॉल्व्ह धड असेल तर अडतं. गळका असेल किंवा काढूनच टाकला असेल, तर पाइपातलं औषधाचं पाणी विहिरीत, आणि टाकीची नळी बुडालेली असेल तर टाकीही मागोमाग रिकामी.

आमच्या शेजारच्या मळ्यात हेच झालं. रात्रपाळीची लाइट, मोटर ऑटोवर (लाइट आली की आपोआप चालू), माणूस झोपलेला. लाइट रात्रभर येत-जात होती. सकाळी टाकी कोरडी, आणि केळीला औषध लागल्याचं कुठे दिसेना. दोन दिवसांनी बायकांनी सांगितलं पाणी पांढुरकं दिसतं. तोवर सगळ्यांनी चहा पिऊन झाला होता.

कळण्याची_भाकरी
बाप रे. आमच्याकडेही ऑटो आहे. आज संध्याकाळीच बघायला लावते.

अमळनेरकर
भो, आमना गावमा नळले पानी येस, पन कव्हय येस ते देवले बी माहीत नही. इहीर सोडानी कशी?

निवृत्त_मास्तर
वरचं वाचून कागद-पेन्सिल घेतली. विहिरीचा व्यास २० फूट, पाणी १५ फूट धरलं. घनफळ ४,७१२ घनफूट, म्हणजे सुमारे १ लाख ३३ हजार लिटर.

मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के. बाटलीचं एक झाकण २० मिली धरा. त्यात मूळ विष साधारण ७.२ ग्रॅम. भागाकार केला तर लिटरला ५४ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, त्यात मर्यादा दिली आहे १ मायक्रोग्रॅम.

क्लोरपायरीफॉस २० टक्क्यांचं तेवढंच झाकण : ४ ग्रॅम, लिटरला ३०. मर्यादाही ३०.

हे सगळं पाण्यात सारखं मिसळलं असं धरून. प्रयोगशाळेतल्या ताईंनी चूक असेल तर सांगावी. भीती घालू नये हे माझं मत कायम आहे, पण झाकण विहिरीत धुऊ नये हेही त्यात जोडतो.

शेवभाजी
मास्तर, शाळेत हौदाला दोन नळ लावून आमचा जीव घेतलात. त्याऐवजी हे गणित घातलं असतं तर निदान लक्षात राहिलं असतं.

प्रयोगशाळेतली
गणित बरोबर आहे. प्रत्यक्षात सारखं मिसळत नाही, एका बाजूला जास्त राहतं, आणि काही औषधं पाण्यात लवकर तुटतात तर काही महिनोन्महिने टिकतात. पण अंदाज यायला एवढं पुरे.

भरीतप्रेमी
अवांतर होतंय, पण पाण्यापेक्षा वांग्याची काळजी करा. बामणोदच्या वांग्याचं भरीत म्हणून पुण्याला पोतं न्यायचं आणि त्यावर तोडणीच्या आदल्या दिवशी काय मारलं ते विचारायचं नाही. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे. आमच्या तालुक्यात ते वांग्यावर मारलेलं मी याचि डोळा पाहिलंय.

केळीवाला_रावेर
भरीतप्रेमी, वांग्याला एक भोक दिसलं की पाटी परत कोण करतं? तुम्हीच. शेंडा-फळ पोखरणारी अळी हात जोडून जात नाही. शेतकऱ्याने औषध हौसेने मारलं असं बोलू नका. फवारणारा आधी स्वतः श्वासात घेतो. २०१७ साली यवतमाळला वीसहून जास्त माणसं गेली ती कोण होती?

भरीतप्रेमी
शेतकऱ्याला दोष देत नाहीये भाऊ. मीही शेतकऱ्याचाच. कृषी केंद्रवाला "हे घ्या, याने खात्रीने जातं" म्हणतो तो विषय आहे.

सातपुडा_पायथा
दोघेही वांग्यावरून उतरा. भरीत करायचं तेव्हा बोलवा.

डॉक्टर_चोपडा
यवतमाळचा उल्लेख आला म्हणून. ती विषबाधा फवारताना श्वासातून आणि कातडीतून झाली होती, पिण्याच्या पाण्यातून नव्हे. दोन्ही एकत्र करू नयेत. फवारणीनंतर उलट्या, घाम, तोंडाला पाणी सुटणं, बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं असं दिसलं तर तडक दवाखाना, औषधाचा डबा सोबत घेऊन. डबा सोबत असला की आमचा अर्धा वेळ वाचतो.

पाण्यातून रोज थोडं थोडं पोटात जाण्याचा परिणाम वेगळा, हळू आणि सिद्ध करायला अवघड. "आमच्या गावात कॅन्सर वाढला, पाण्यामुळेच" असं माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी म्हणतं. तंबाखूची पुडी त्याच खिशात असते. पाणी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही, पण एका माणसाच्या आजारावरून विहिरीला दोषी धरता येत नाही. विहीर स्वच्छ ठेवायला मात्र आजाराच्या पुराव्याची वाट बघायची गरज नाही.

सुकीकाठ, बाळ पाच महिन्यांचं आहे म्हणालात. मला कीटकनाशकाआधी नायट्रेटची चिंता वाटते. केळीला युरिया किती जातो तुम्हाला माहीत आहे. पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध त्यात कालवू नये, रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. आणि उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं.

कळण्याची_भाकरी
उकळून चालत नाही, मग चालतं काय? तुरटी, मेणबत्तीचा फिल्टर, टीसीएल (ब्लीचिंग पावडर), यूव्ही, सगळं घरात आहे.

प्रयोगशाळेतली
तुरटीने गढूळपणा बसतो. मेणबत्तीने गाळ अडतो. यूव्हीने जंतू मरतात. विरघळलेलं औषध यातल्या कशानेही म्हणण्यासारखं कमी होत नाही. टीसीएल जंतूंसाठी हवंच, पण क्लोरीनमुळे क्लोरपायरीफॉससारख्या काही औषधांचा ऑक्सॉन नावाचा पदार्थ बनतो, तो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. म्हणून औषध पडलेल्या विहिरीत "टीसीएल टाकलं, पाणी शुद्ध झालं" हा समज घातक.

उपयोगी पडतो तो सक्रिय कोळसा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन. बरीचशी औषधं तो धरतो, पण भरला की थांबतो, आणि भरलाय हे चवीवरून कळत नाही. वेळेवर बदलावा लागतो, नाहीतर नुसता डबा. आरओची पडदी बरीच औषधं अडवते, पण सगळी नाही. आरओ आणि कार्बन एकत्र असेल तर चांगलं. नायट्रेट आरओने कमी होतं, कार्बनने होत नाही.

चुलीतला कोळसा माठात टाकू नका, दर वेळी कुणीतरी विचारतंच.

शेवभाजी
विचारणारच होतो.

मूळचा_धुळ्याचा
जारचं पाणी आणा की सरळ. वीस लिटरचा थंडगार जार, मळ्यापर्यंत आणून देतात.

तापीपार
जार भरतात कुठल्या पाण्याने? बोअरच्याच ना. २००३ साली दिल्लीच्या सीएसई (सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट) या संस्थेने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं दाखवली तेव्हा हाच मुद्दा होता, कारखाने शेतीच्या पट्ट्यातलं भूजल उपसत होते. त्यानंतर सीलबंद पाण्याचे निकष कडक झाले, एका औषधाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम, सगळी मिळून ०.५. पण ते सीलबंद पाण्याला. गल्लीतला उघड्या झाकणाचा जार कुठल्या निकषात बसतो ते त्यालाच माहीत.

मूळचा_धुळ्याचा
बरं, जार राहू द्या. दुसरा विषय काढतो, भांडण होणार हे माहीत असून. विहीर पुनर्भरण. आमच्या भागात शेतातलं वाहून जाणारं पावसाचं पाणी चर काढून विहिरीजवळच्या खड्ड्यात आणायचं, खड्ड्यात गोटे-खडी-वाळू, तिथून पाइपाने सरळ विहिरीत. पाणीपातळी वाढते यात शंका नाही. पण ते पाणी येतं कुठून? कपाशीच्या सऱ्यांतून. जून-जुलैत तणनाशक मारलेलं रान, आणि पहिल्या जोराच्या पावसाचं पाणी थेट पिण्याच्या विहिरीत. वाळूने काडी-कचरा अडेल, विरघळलेलं औषध कसं अडेल?

सातपुडा_पायथा
यावर मी भांडणार. पुनर्भरण बंद करा हा निष्कर्ष काढू नका. रावेर-यावलची नावं अतिउपशासाठी वर्षानुवर्षं सरकारी अहवालांत येतायत. आमच्या इथे बोअर शेकडो फूट खाली गेलेत. शिरपूरला नाले खोल-रुंद करून, सिमेंटचे बांध घालून जे काम झालं, त्याने विहिरींना पाणी आलं हे मी जाऊन पाहिलंय. पाणीच नसेल तर त्यात काय आहे ते तपासणार कशाला?

मूळचा_धुळ्याचा
नाल्यात मुरवणं आणि शेताचं पाणी पाइपाने विहिरीत सोडणं यात फरक आहे की नाही? नाल्यातलं पाणी मातीतून गाळून जातं, वेळ घेतं. पाइपातलं थेट पडतं. माझा आक्षेप फक्त पाइपाला आहे, तोही पिण्याच्या विहिरीत असेल तर.

सातपुडा_पायथा
तेवढं मान्य. पिण्याच्या विहिरीत फक्त छपराचं पाणी सोडावं, शेताचं शोषखड्ड्यात, लांब. पहिले एक-दोन पाऊस बाहेर काढून द्यावेत.

केळीवाला_रावेर
+१. आणि पिण्याच्या विहिरीचा थाळा दुरुस्त करा, कठडा दोन-अडीच फूट उंच घ्या. बांधकामाला जे लागेल ते आरओपेक्षा कमीच लागेल.

शिवारफेरी
उशिरा वाचतेय. मी कृषी खात्यात होते. एक मुद्दा राहिला. आयएस १०५०० मध्ये कीटकनाशकांची यादी आहे १८ नावांची. त्यात डीडीटी, लिंडेन, आल्ड्रिन, एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, फोरेट, मॅलॅथिऑन, ॲट्राझीन वगैरे. यातली कित्येक बाजारातून गेली. एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थांबवलं, फोरेटची विक्री २०२० च्या अखेरीस बंद. आणि आज मळ्यात जे सर्रास वापरलं जातं, इमिडाक्लोप्रिड किंवा ग्लायफोसेट, ते त्या १८ मध्ये नाही. म्हणून "मानकाप्रमाणे तपासा" एवढंच सांगितलं तर प्रयोगशाळा जुनी यादी तपासेल, "आढळले नाही" लिहून देईल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. वरच्या ताईंनी स्वतःची यादी द्यायला सांगितली ते सोन्यासारखं.

डब्यावरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा, हिरवा यापैकी कुठल्या रंगाचा आहे तेही बघा. लाल सगळ्यात जहाल. निदान लाल-पिवळा डबा पिण्याच्या विहिरीजवळ उघडायचाच नाही, एवढा तरी नियम घरात करा. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतायचं, डब्याला भोकं पाडायची. नाहीतर तोच डबा पुढच्या महिन्यात कुणाच्यातरी न्हाणीघरात तांब्या म्हणून दिसतो. मी पाहिलाय.

अमळनेरकर
न्हाणीघर सोडा, आमच्याकडे त्यात रॉकेल भरून ठेवायचे आणि लग्नात पाणी वाढायलाही काढायचे.

सुकीकाठ
धागा वर काढतेय, अहवाल आला.

बाटल्या प्रयोगशाळेनेच पाठवल्या होत्या. यादी करायला बसलो तेव्हा खरी गंमत. आप्पांना दुकानी नावं पाठ, मूळ घटक कुणालाच माहीत नाही. शेवटी गोठ्यामागचे रिकामे डबे गोळा करून, चिखल पुसून, लेबलं वाचली. चुलत्यांनी आधी "आमच्या कपाशीत काही नसतं" म्हटलं, मग त्यांच्या बांधावर सगळ्यात जास्त डबे निघाले.

तर : मानकातल्या १८ पैकी एकही आढळलं नाही, क्लोरपायरीफॉससुद्धा नाही, म्हणजे ज्याचा वास आला होता ते. आम्ही दिलेल्या यादीपैकी इमिडाक्लोप्रिड ०.४ मायक्रोग्रॅम निघालं. आणि डॉक्टर, तुम्ही म्हणालात तसंच, नायट्रेट लिटरला ८२ मिलिग्रॅम.

बाळाचं पाणी त्याच दिवसापासून गावातल्या नळाचं, भाऊ मोटरसायकलवर कॅन आणतो. गावातल्या ताईंकडून नळाच्या पाण्याचं नायट्रेट तपासून घेतलं, मर्यादेत आहे. ड्रम हलवला. सालदाराची तक्रार आहे की आता पाण्याचे डबे वाहून न्यावे लागतात. त्याचं म्हणणं खरं आहे, म्हणून त्या बाजूला एक पाइप आणि वेगळी टाकी करायची आहे. थाळ्यातला पिंपळ काढायला मात्र आई तयार नाही. पिंपळ तोडत नाहीत म्हणते.

०.४ चं काय समजायचं?

प्रयोगशाळेतली
आयएस १०५०० मध्ये त्याला मर्यादाच नाही, त्यामुळे अहवालात शेरा नसणार. युरोपात कुठल्याही एका कीटकनाशकाला ०.१ ची मर्यादा आहे, तिच्या चौपट. पण ती मर्यादा सावधगिरीची आहे, ०.४ ने कुणी आजारी पडतं असा तिचा अर्थ नाही. याचा उपयोग एवढाच, की वरून विहिरीत वाट आहे हे कळलं. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसानंतर याच घटकांची पुन्हा तपासणी करा. आकडा वाढतोय की उतरतोय ते बघायचं.

डॉक्टर_चोपडा
बाळाबाबत योग्य केलंत. घरातल्या मोठ्यांना ८२ ने लगेच काही होत नाही, पण कुणी गरोदर असेल तर तिलाही नळाचं पाणी द्या.

शेवभाजी
म्हणजे आरओवाला शेवटी जिंकला? नायट्रेटला आरओच लागतो ना?

प्रयोगशाळेतली
पिण्यापुरता लागेल, हो. पण आता त्याला अहवाल दाखवून विचारता येईल, तुझ्या मशीनमधून नायट्रेट किती उतरतं ते लिहून दे. आणि बसवल्यावर दोन्ही पाणी गावच्या किटवर तपासायचं. जे पाणी मशीन बाहेर टाकतं त्यात नायट्रेट अजून जास्त, ते विहिरीकडे नाही, केळीला सोडा. युरियाही तेवढा कमी लागेल.

केळीवाला_रावेर
युरियाचं बोललात तेच खरं औषध. आमच्याकडे माती परीक्षणाचा कागद कपाटात आणि गोणी अंदाजाने. ठिबकमधून थोडा थोडा दिला तर कमी लागतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण शेजाऱ्याची बाग काळीभोर दिसली की हात सुटतो.

पिंपळाचं : गुरवाला विचारून मुळासकट उपटून देवळाजवळ लावा. आमच्या आईला चाललं.

सुकीकाठ
हे आईला सांगते, बहुतेक पटेल. तापीपार भाऊ, तो उलटा न जाऊ देणारा व्हॉल्व्ह व्हेंचुरीच्या आधी बसवायचा की नंतर? आमचा मेन पाइप अडीच इंची आहे.

तापीपार
आधी, म्हणजे मोटर आणि व्हेंचुरीच्या मधे. मोटरीवरचा आहे तोही तपासून घ्या, हा त्याच्याशिवाय वेगळा. दोघांच्या मधे हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह बसवला तर अजून चांगलं, लाइट गेल्यावर पाइप ओढत नाही. आणि औषधाच्या टाकीच्या नळीला साधा कॉक ठेवा. औषध सोडून झालं की कॉक बंद, मग मोटर साध्या पाण्यावर थोडा वेळ चालू द्यायची आणि मगच बंद करायची. औषध सोडायचं त्या दिवशी ऑटो काढून ठेवा, माणूस तिथे उभा पाहिजे.